डाव्या खांद्याची घोरपड

घोरपडीची जीभ आत असते की बाहेर, यावरून दस्तगीर उस्तादांनी मला पहिल्याच भेटीत झापलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मुलींच्या हायस्कुलात नुकतीच चित्रकलेची बाई म्हणून लागले होते आणि लग्न होऊन कोल्हापुरात शनिवार पेठेत त्यांच्या समोरच्या घरात राहायला आले होते. समोरची बाई चित्रं काढते एवढं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांचा जुना नमुना झिजून फाटला होता, तेवढा नवा काढून द्या म्हणाले. मी मोठ्या हौसेनं घोरपड काढली. जीभ चांगली लांब काढली, टोकाशी दुभंगलेली. त्यांनी चष्मा नाकावर घेतला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, ही पाल हाय."

"घोरपडच आहे की उस्ताद."

"जीभ काढली की पाल झाली. चढणारं जनावर तोंड मिटून चढतंय. घोरपड बगितलीया काय कदी?"

नव्हती बघितली. पुढच्या रविवारी गगनबावड्याकडचा एक माणूस पोतं घेऊन आमच्या दारात उभा. पोत्यातून जे बाहेर आलं ते पाहून माझ्या सासूबाई कॉटवर चढल्या, त्या जेवायच्या वेळेपर्यंत खाली उतरल्या नाहीत. उस्ताद मात्र उंबऱ्याबाहेर शांतपणे उभे राहून मला सांगत होते, "नखं बगा बाई. काढायची ती नखं." मी नखं काढली. तो कागद त्यांनी पुढं वर्षानुवर्षं वापरला.

उस्ताद कलाबतूचं काम करत, म्हणजे सोनेरी-रुपेरी तारेचं भरतकाम. कारचोब नावाची लाकडी चौकट असते, तिच्यावर कापड ताणून बसायचं. तरुणपणी वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानच्या हत्तींच्या झुली भरल्या होत्या. संस्थान गेलं, हत्तीही गेले. मग त्यांनी पलटणीचे बिल्ले भरायला घेतले. "हत्तीच्या पाठीवरनं जवानाच्या खांद्यावर आलो," असं ते सांगत, आणि यात आपली घसरण झाली असं त्यांना मुळीच वाटत नसे. झाली असेल तर हत्तीची झाली, असा एकूण सूर.

आमच्या भागातली पोरं ज्या पलटणीत जात, तिचं निशाण होतं बुरुजावर चढणारी घोरपड. पलटणीकडून साधे कापडी बिल्ले मिळत. पण लग्नाला, फोटोला, मोठ्या कवायतीला उस्तादांच्या हातचाच बिल्ला हवा अशी पोरांची हौस होती. सुट्टीवर आलेला जवान आधी आईच्या पाया पडे आणि मग उस्तादांच्या खोलीत येई. तिथं त्याला शिकवणी मिळे. बुरुजाला दगड पाचच. सहावा घातला की पोलीस चौकीची भिंत. शेपटीला वेढा एकच, कारण चढणारं जनावर शेपटी मिरवत बसत नाही. डोळा तांबडा आणि तो सगळ्यांत शेवटी, कारण आधी डोळा भरला तर ती आपल्याकडं बघत राहते आणि हात चुकतो. उस्ताद कधी 'बिल्ला केला' म्हणत नसत. "आज दोन चढल्या," असं म्हणत.

दोनच, कारण बिल्ले जोडीनंच व्हायचे. ही त्यांची सर्वांत लाडकी शिकवण होती आणि मला ती किमान शंभरदा ऐकावी लागली. दोन्ही खांद्यांवरची घोरपड जवान चालतो त्या दिशेलाच तोंड करून हवी. म्हणजे उजव्या खांद्याची उजवीकडं बघणार आणि डाव्या खांद्याची डावीकडं, आरशात बघावं तशी. त्यासाठी खाका, म्हणजे टोचलेल्या भोकांतून खडूची पूड पाडायचा तो कागद, दुसऱ्या बिल्ल्याच्या वेळी पालथा घालायचा. "पालथा घालायला इसरला की झालं," ते म्हणत. "जवान म्होरं आणि घोरपड मागं. पाठ दावून पळणारी."

एकदा एका लग्नाच्या बँडचा मालक आला. आपल्या वाजंत्र्यांच्या खांद्यांवरही घोरपड हवी, असं त्याचं म्हणणं.

"तुमची पोरं कशावर चढत्यात?" उस्तादांनी विचारलं.

"वरातीत म्होरं असत्यात की."

"मग घोडा देतो काढून. त्यो बी वरातीत असतोय."

मालक रागावेल असं मला वाटलं, पण तो खूश झाला. उस्तादांनी खरंच घोडे भरून दिले, तेही जोडीनं, आणि तो बँड कित्येक वर्षं घोडे मिरवत गावभर वाजवत फिरला.

असा हा माणूस. तिरसट, हट्टी, आणि आपल्या चार इंचांच्या कापडापुरता बादशहा. बायको लवकर वारली होती. एकुलता एक मुलगा सिकंदर. त्याला कारचोबवर बसवायचा खूप प्रयत्न झाला, पण त्याचं बूड टिकेना. तो त्याच घोरपडवाल्या पलटणीत भरती झाला. उस्ताद आठवडाभर बोलले नाहीत आणि मग त्याच्यासाठी त्यांनी अशी जोडी भरली की तशी मी पुन्हा पाहिली नाही. सिकंदरचं लग्न जयसिंगपूरच्या रजियाशी झालं. जे सिकंदरला जमलं नाही ते रजियानं वर्षभरात उचललं. उस्तादांचा टाका आणि तिचा टाका शेजारी ठेवला तर मला फरक सांगता येत नसे. "ही माझा ल्योक," असं ते तिच्यासमोरच म्हणत, आणि ती पदर तोंडाला लावून हसे.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात सिकंदर सुट्टीवर आला होता आणि तार आली, ताबडतोब हजर व्हा. दुसऱ्या दिवशीच निघायचं होतं. उस्ताद जे कारचोबवर बसले ते नवी जोडी पुरी करूनच उठले. सकाळी त्यांनी ती मुलाच्या हातात ठेवली. जागरणानं त्यांचे डोळे सुजले होते.

दुपारी सिकंदर आणि रजिया माझ्याकडं आले. सांगून आले होते की बाईंचा निरोप घ्यायला जातो. त्यानं खिशातून जोडी काढून माझ्यासमोर ठेवली. दोन्ही घोरपडी उजवीकडं बघत होत्या. उस्ताद खाका पालथा घालायला विसरले होते.

"अब्बांना सांगू नका," सिकंदर म्हणाला. "हात गळून पडंल त्यांचा. तुमी एक डावी काढून द्या, ही भरून देती."

खाका उस्तादांच्या उशाशी होता, म्हणून मी आठवणीनं चित्र काढलं. घाईत काढलं. रजियानं माझ्या कॉटवर बसून तीन तासांत डावी घोरपड भरली. मी चित्रात शेपटीला अर्धा वेढा जास्त दिला होता. तिच्या ते लक्षात आलं, माझ्याही आलं, पण पुन्हा काढायला वेळ नव्हता. सिकंदर बसून शेंगा खात होता. "अर्ध्या येढ्यानं काय लढाई हरत न्हाय," म्हणाला. चुकलेला बिल्ला घरात ठेवायची सोय नव्हती, तो माझ्या रंगांच्या डब्यात गेला. संध्याकाळच्या गाडीनं सिकंदर गेला.

चार दिवसांनी उस्ताद माझ्याकडं आले. चेहरा काळाठिक्कर. कारचोबवरच्या उरलेल्या कापडावर खडूचे ठसे राहिले होते, त्यावरून त्यांना आपली चूक कळली होती. "बाई, मी माझ्या पोराला पाठ दावून पळणारी घोरपड देऊन लढाईवर धाडलं," असं म्हणून ते माझ्या ओसरीवर डोकं धरून बसले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी सिकंदरला शब्द दिला होता, आणि तो आला की तोच हसत हसत सांगेल असं मी मनाशी ठरवलं. उस्तादांनी नवी डावी भरून टपालानं पाठवली. ती पंधरा दिवसांनी तशीच परत आली. तोवर लढाई सुरू होऊन संपलीसुद्धा होती.

मग तार आली. सिकंदर बेपत्ता, मृत समजण्यात येत आहे.

उस्तादांनी अन्न सोडलं. ठरवून सोडलं असं नाही, घास आतच जात नव्हता. रजिया हात जोडायची तेव्हा एखादा तुकडा चघळत आणि तोही बाहेर काढून ठेवत. तीन आठवड्यांत त्यांची छाती पिंजऱ्यासारखी दिसायला लागली. रजिया स्वतःचं रडणं गिळून त्यांच्यासमोर ताटली घेऊन बसायची. शेजारपाजारचे म्हणायला लागले की पोरापाठोपाठ बापही जाणार.

तशात पलटणीकडून एक लखोटा आला. पत्र इंग्रजी होतं, म्हणून मला बोलावलं. मी वाचून सांगितलं. चौकीवर चौघे होते, तोफेचा गोळा बरोबर तिथंच पडला. ओळखण्याजोगं कोणी उरलं नाही. शर्टाच्या बाहीचा एक तुकडा सापडला, त्यावर हातानं भरलेला बिल्ला आहे. असे बिल्ले आपला मुलगा वापरत असे, म्हणून तो आपल्याकडं पाठवत आहोत.

उस्तादांनी लखोट्यातून तुकडा काढला. कडा जळलेल्या होत्या. बिल्ला डाव्या खांद्याचा होता आणि घोरपड डावीकडं, म्हणजे बरोबर दिशेला बघत होती. शेपटीला अर्धा वेढा जास्त होता.

मी रजियाकडं पाहिलं. तिनं भिंतीला हात टेकला होता. सिकंदर गेला हे त्या खोलीत त्या क्षणी आम्हा दोघींना कळलं, आणि तिसऱ्याला त्याच तुकड्यानं नेमकं उलटं सांगितलं.

"ही माझी न्हाय," उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "बगा बाई. माझ्या पोराच्या डाव्या खांद्यावर उलटी व्हती. ही सुलटी हाय. आणि शेपटी बगा, शेपटी. हा येढा माझा न्हाय. दुसऱ्या कुणाच्या हातचं हाय हे. दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा गेलाय, अल्ला त्याला जागा देवो. माझा जित्ता हाय." ते तसेच उठले. "रजिया, भाकरी टाक."

ते दोन भाकरी जेवले. रजिया वाढत होती. तिच्या पाठोपाठ मी चुलीशी गेले, तेव्हा तिनं माझा हात धरला. "सांगू नगा, बाई. तुमाला माज्या गळ्याची आण हाय. ते जेवत्यात."

त्यानंतरची सहा वर्षं मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. उस्ताद तो तुकडा हातरुमालात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवत आणि रस्त्यात भेटेल त्याला काढून दाखवत. कुठं कोणी जवान परत आला, कैदेतून सुटला, आजारी होऊन घरी बसला असं कळलं की यष्टीनं तिथं जात. पन्हाळ्याच्या बाजूला, बेळगावकडं, भर पावसात घाटावरच्या वाड्यावस्त्यांवर. "ह्या शेपटीचा बिल्ला कुणाचा व्हता? वळख लागती काय?" लोक सुरुवातीला आपुलकीनं बघत, पुढं पुढं दार लोटून घ्यायला लागले. ते ज्या अधिकाऱ्याचा पत्ता मिळेल त्याच्या नावे पत्र लिहून घेत आणि ते पत्र मी लिहीत असे. 'सदर बिल्ला माझ्या मुलाचा नाही, सबब तो जिवंत असून त्याचा शोध घ्यावा.' माझ्या अक्षरात, माझ्याच शेपटीबद्दल. पहिल्या पत्राला माझा हात अडखळला. नंतर सवय झाली, आणि ती सवय झाली याची मला आजही लाज वाटते.

मी मनाला समजावत असे की रजियानं आण घातली आहे. पण खरं कारण एवढंच होतं की मला भीती वाटायची. समोरच्या दारातून रोज सकाळी उस्तादांचं खोकणं ऐकू यायचं. ते बंद पडलं तर आपल्यामुळं पडेल, ही भीती.

त्यांनी सिकंदरच्या नावानं फातेहा, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, करू दिला नाही. रजियाच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांपैकी एखादी पिचली तर स्वतः जाऊन नवी आणत. ईदेला तिला बळेच नवी साडी नेसवत. "नवरा येईल त्या दिवशी बाई अशी दिसाय नगो," म्हणत. आणि ती नेसायची. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेली ती मुलगी, सव्विशीला तिच्या भांगात पांढरे केस दिसायला लागले. सासऱ्यानं पाहू नये म्हणून ती ते पदराखाली घेई.

सहाव्या वर्षी तिचा भाऊ यासीन जयसिंगपूरहून आला. एक चांगलं स्थळ होतं, बायको वारलेला, शाळेत शिपाई, स्वभावानं गरीब. यासीननं उस्तादांचे पाय धरले. उस्तादांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "नवरा जित्ता असताना निका लावाय आलायस? तुझी भन हाय म्हणून सोडतो. ऊठ." यासीन रडत बाहेर पडला. रजिया कारचोबवर मान घालून बसली होती, तिनं वरही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ती माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी पुरुषासारखंच बोलायची ती. "बाई," म्हणाली, "मी थकलो." एवढंच. सहा वर्षांत तिनं स्वतःबद्दल उच्चारलेलं ते एकमेव वाक्य. तिनं मला आणेतून मोकळं केलं नव्हतं, पण मला आता ते ऐकायचंही नव्हतं.

रविवारी सकाळी मी रंगांचा डबा उघडला आणि चुकलेला बिल्ला घेऊन समोर गेले. उस्ताद कारचोबशी बसले होते. मी बिल्ला त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो पालथा करून टाके पाहिले, मग सुलटा केला. त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही. उजवीकडं बघणारी, डाव्या खांद्याची, त्यांच्याच हातची घोरपड. ते धडपडत उठले आणि माझ्यामागं दाराकडं बघायला लागले.

"आला काय त्यो?"

इतका उजळलेला चेहरा मी माणसाचा कधी पाहिला नाही. त्या चेहऱ्याकडं बघून मला सांगायचं होतं. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. दुपार, शेंगा, घाईत काढलेलं चित्र, तीन तास. मी बोलत असताना ते पुन्हा खाली बसले. खिशातून रुमाल काढून जळका तुकडा त्यांनी शेजारी ठेवला.

"शेपटी तुमची व्हय?"

"हो, उस्ताद."

"आणि टाका?"

रजिया आतल्या दारात येऊन उभी होती. त्यांनी तिच्याकडं मान वळवली.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय, अब्बा."

"कवापास्नं?"

"लकोटा आला तवापास्नं."

"सा वर्सं," ते म्हणाले. "सा वर्सं बांगड्या भरून माज्याम्होरं हिंडलीस? कशापायी?"

रजिया खाली बघत होती. "तुमी जेवत व्हता की," म्हणाली.

उस्ताद ओरडले नाहीत, रडलेही नाहीत. ते त्या दोन घोरपडींकडं बघत राहिले. मी उठून घरी आले.

पुढचं सगळं त्यांनी स्वतः केलं. मशिदीत सिकंदरसाठी नमाज पढवली. विधवेनं पाळायचे महिने जाऊ दिले, जे रिवाजानं व्हायचं ते होऊ दिलं, आणि मग स्वतःच जयसिंगपूरला जाऊन यासीनची माफी मागून आले. निकाह त्यांच्याच खोलीत झाला. कारचोब भिंतीला उभा करून त्यांनी जागा केली होती. मला बोलावणं आलं ते रजियाकडून. उस्ताद माझ्याशी त्या रविवारनंतर बोललेच नव्हते. समोरासमोर दारं, पण मी दिसले की ते आत वळत. मला त्याचा राग नव्हता.

रजियाला पोचवायला मी यष्टी स्टँडवर गेले. तिचा नवरा सामान वर चढवत होता. ती खिडकीपाशी बसली होती आणि उस्ताद खाली उभे राहून तिच्या खिडकीची दांडी धरून होते. ती म्हणत होती, "माज्याकडं चला, अब्बा," आणि ते मान हलवत होते. ती डबा, औषध, चष्म्याचा दोरा असं काय काय बजावत होती. ते सगळ्याला व्हय व्हय म्हणत होते. गाडी हलली तेव्हा त्यांनी दांडी सोडायला उशीर केला आणि चार पावलं तसेच ओढले गेले. कंडक्टर ओरडला, तेव्हा सोडली.

गाडी फाटकाबाहेर गेली. धूळ बसली. त्यांनी वळून मला पाहिलं आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. चालत माझ्यापाशी आले. फार म्हातारे दिसत होते.

"पोरीचं चांगलं झालं, बाई," ते म्हणाले. "तुमी केलं ते बराबर केलं."

मी काही बोलणार तोच त्यांनी हातानं थांबवलं.

"पर आणखी दोन-चार वर्सं गप बसला असता, तर पोरगा जित्ता हाय म्हणतच मी मेलो असतो की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. आपल्याला काय हवं होतं ते त्यांनी मला सांगितलं, एवढंच. मग ते गर्दीतून वाट काढत एकटेच निघून गेले.